सबब नामंजूर

मुळशी तालुक्यातले डोंगर, ओढे आणि पाऊस देवानं निर्माण केले असतील, पण हे सगळं जागच्या जागी आहे की नाही ते तपासायचं काम त्यानं माझ्या बायकोच्या मामांवर सोपवलेलं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मामा पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार होते. माणसं निवृत्त झाली की हात-पाय पसरून बसतात. मामांनी निवृत्त झाल्यावर फक्त साखळी खाली ठेवली, मोजणी चालूच ठेवली. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना सगळ्यांनी मला पगार विचारला, मामांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीचं फाटक कुटल्या अंगाला?" मी म्हणालो, "मेडिकलच्या शेजारी." मामा गंभीरपणे म्हणाले, "मेडिकल ही दिशा न्हाई." नंतर आत जाऊन त्यांनी बायकोच्या आईला निकाल दिला म्हणे, "पोरगा गुणी हाय. चुकंल, पर इचारत इचारत घरी येईल." पुढं ते आमच्या सूसच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी सगळं घर पावलांनी मोजून काढलं आणि जाताना मला सांगितलं, "लिफ्टपासून तुमच्या दारापतुर एकोणीस पावलं. लाइट गेली तर ध्यानात असू द्या." मी तेव्हा मनात हसलो होतो. महिन्याभरानं लाइट गेली, मोबाइलही संपला होता, आणि मी एकोणीस पावलं मोजून हात पुढं केला तर बरोबर आमच्या दाराची कडी हाताला लागली. तेव्हापासून मी मामांना मनात हसायचंही बंद केलं.

मामांचं गाव पौडच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या कडेला आहे. बायकोनं त्यांना कीर्तनं ऐकायला म्हणून आमचा जुना लॅपटॉप दिला, आणि तिथून सगळं सुरू झालं. मी कौतुकानं त्यांना इंटरनेटवरचा एक नकाशा उघडून दाखवला. हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला वाटेल त्यानं त्यात रस्ता, विहीर, देऊळ घालावं आणि ज्याला पटणार नाही त्यानं ते खोडावं, अशी गावकीसारखी व्यवस्था. मामांनी चष्मा लावला, आपलं गाव शोधलं आणि ताडकन उठले. गावचं भैरोबाचं देऊळ कुणीतरी धरणाच्या पाण्यात, काठापासून चांगलं आत नेऊन ठेवलं होतं. "देव पवतोय व्हय?" मामा ओरडले. मी त्यांना खातं काढून दिलं, 'मोजणीदार' असं नाव घातलं, आणि देऊळ काठावर कसं ओढायचं ते दाखवलं. देऊळ जमिनीला लागल्यावर त्यांनी लॅपटॉपसमोर हात जोडले. मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन: "जावईबापू, ह्यात ताम्हिणीपतुर सगळंच इस्कटल्यालं हाय."

तेव्हापासून तालुक्यात कुणीही नकाशावर रेघ मारली की ती मामांच्या नजरेखालून जाते. सकाळचा चहा झाला की ते अंगात सदरा चढवतात, कारण कामाला उघड्या अंगानं बसायचं नसतं, आणि रात्रीतून कुणी काय काय बदललं त्याची यादी उघडतात. बोलताना मामा आमच्या मावळचे, पण लिहायला बसले की त्यांच्या अंगात मोजणी खातं संचारतं. कुणी हौशी माणसानं एका टेकाडाला 'सनसेट पॉइंट' असं नाव दिलं. मामा मोपेड काढून संध्याकाळी तिथं जाऊन बसले आणि घरी येऊन त्या बदलाखाली त्यांनी शेरा लिहिला: "प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणावरून सूर्यास्त दिसत नाही. मध्ये डोंगर आहे. सबब नामंजूर." कासार आंबोलीजवळ एकानं वरून काढलेल्या फोटोत निळं पाणी पाहून पोहण्याचा तलाव दाखवला होता. ते निघालं प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं. शेरा: "सदर जलतरण तलावात दोन म्हशी आढळून आल्या. सबब नामंजूर." एका धबधब्याबद्दल त्यांनी फक्त एवढंच लिहिलं की सदर धबधबा हा गळका पाइप आहे. तिथल्याच एका बंगल्याच्या मागची वाट तपासताना त्यांच्या धोतराला कुत्रं लागलं, तर ते कुत्रंही त्यांनी नकाशावर नोंदवलं, रंगासकट. ते खोडून टाकायला मला तासभर त्यांची समजूत काढावी लागली. "कुत्रं खरं हाय," एवढा एकच मुद्दा ते लावून धरून होते.

या सगळ्याचा जाच मामीला. "ह्येंना कोथिंबीर आणाया धाडलं," ती मला सांगत होती, "तीन तासांनी आले. रस्त्याखालची मोरी मोजून आले. कोथिंबीर कुटं म्हनलं तर म्हनतात, मोरी नकाशात नव्हती." मामांचं यावरचं म्हणणं असं की कोथिंबीर उद्याही मिळते. एकदा मी त्यांना सुचवलं की हल्ली आकाशातून काढलेले फोटो इतके स्पष्ट असतात की घरबसल्या निम्मं काम होईल. मामांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तिच्यात माझ्या बायकोबद्दलची कणव होती. "वाटेला पाय लागल्याबिगर तिला वाट म्हनू ने, जावईबापू." हे त्यांचं वेदवाक्य. ते त्यांनी जमेल त्याला ऐकवलं, आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं भिंगरीला.

भिंगरी म्हणजे नकाशावर काम करणारी आणखी कुणीतरी. हे खात्यावरचं नाव, खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ही भिंगरी दर रविवारी बसायची आणि फोटो बघून एका बैठकीत चाळीस-चाळीस वाटा काढायची. सोमवारी मामा त्यातल्या तीस खोडायचे. "सदर इसमाने काढलेली वाट ही वाट नसून बांध आहे. सबब नामंजूर." "सदर इसमाने काढलेली वाट ही वाट नसून गेल्या वर्षीची चर आहे." तिकडून उत्तर यायचं, "काका, फोटोत स्पष्ट दिसतंय हो." मामांचं प्रत्युत्तर, "फोटोत दिसणे व जमिनीवर असणे या दोन भिन्न बाबी आहेत." हे दोन महिने चाललं. शेवटी एकदा उत्तर आलं, "काका, मी इसम नाहीये. मुलगी आहे. सूसला राहते, बाणेरला नोकरी करते, आणि तुमचे शेरे ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवते." मामा इतके ओशाळले की त्यांनी दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी शेरा पडला: "सदर ताईंनी काढलेली वाट ही वाट नसून ओढा आहे. सबब नाइलाजाने नामंजूर." मामांनी कुणासाठी 'नाइलाजाने' हा शब्द खर्च केलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

आणि मग गेल्या वर्षीच्या मे महिन्यात भिंगरीनं एक वाट काढली. मामांच्या गावाच्या खाली धरणाच्या पाण्याचा एक फाटा आत शिरलेला आहे आणि त्याच्या पलीकडच्या काठाला एक वाडी आहे. डांबरी रस्त्यानं त्या वाडीला जायचं तर फाट्याला वळसा घालून चौदा किलोमीटर. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की तळ उघडा पडतो, त्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं, गुरं, आता मोटारसायकली सरळ पलीकडं जातात. भिंगरीला फोटोत ती पांढरी रेघ दिसली आणि तिनं ती नकाशावर ओढली. मामा भर उन्हात छत्री घेऊन निघाले, पलीकडं गेले, वाडीत पाणी प्यायले, मोजत मोजत परत आले. एक हजार सहाशे बारा पावलं. कुठं वळण चुकलेलं नाही, कुठं रेघ सरकलेली नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि भिंगरीच्या कामाखाली पहिल्यांदा, एकच शब्द लिहिला. "बरोबर." भिंगरीनं म्हणे त्याचा फोटो काढून ऑफिसातल्या टेबलावर चिकटवला. मामांनी तेवढंच मला फोनवर सांगितलं, तीनदा सांगितलं.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दोघं मामांकडं जेवायला गेलो होतो. आदल्या दिवशी भिंगरीचा निरोप आला होता की पलीकडच्या वाडीतल्या जुन्या विहिरीची जागा बघायला ती येतेय, तिथूनच पुढं काकांना भेटायला येईल. घरात नवरा मुलगा बघायला येणार असल्यासारखी धांदल. मामांनी दाढी केली होती, सदऱ्याला इस्त्री होती, मोपेड पुसून ठेवली होती, का ते कुणाला कळलं नाही. मामी अळूवड्या तळत होती, माझी बायको ताटं पुसत होती. बाहेर पाऊस असा की समोरचं आंब्याचं झाड दिसत नव्हतं. फोन वाजला. मामांनी तो कानाला लावून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ये ये! वड्या तळतीया मामी. ये!" आणि फोन ठेवून हसत स्वयंपाकघराच्या दारात आले. "इहीर झाली तिची बघून. वाडीतनं निगाली. पाच मिन्टात येतीया."

मामी कढईवरून मान न वळवता म्हणाली, "वाडीतनं पाच मिन्टात? उडत येती काय?"

मामा हसत होते ते तसेच थांबले. मला काही कळेना. मग मला त्यांच्या तोंडाचा रंग गेलेला दिसला, आणि ते अगदी हळू म्हणाले, "नकाशानं सांगितलं आसंल तिला." तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. वाट मेमध्ये होती. श्रावणात तिथं धरण होतं. ती उन्हाळ्यापुरती वाट आहे हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, म्हणून तर मामांनी ते लिहिलं नव्हतं. पाणी आल्यावर पाण्यातून कोण जाणार, त्यात लिहायचं काय! पण सूसच्या भिंगरीला हे कोण सांगणार? तिला नकाशा सांगत होता सरळ जा, आणि खाली मोजणीदाराचा शेरा होता, बरोबर.

मी मामांच्या फोनवरून तिचा नंबर लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. तोवर मामा बाहेर पडले होते, छत्रीशिवाय, अनवाणी. त्यांच्या घरापासून पाण्यापर्यंत सहाशे तीस पावलं आहेत, हे त्यांनीच मला पाच-पन्नास वेळा सांगितलेलं. त्या दिवशी त्यांनी ती मोजली नाहीत. सत्तरीचा माणूस चिखलातून धावत होता आणि मी चाळिशीचा, त्याच्या मागं धापा टाकत होतो. काठावर आलो तर काठच कळेना. पायवाट उतरत उतरत गढूळ पाण्यात शिरलेली, आणि लबाडी अशी की लांबून बघितलं तर रस्त्यात साचलेल्या डबक्यासारखंच वाटावं. पावसाळ्यात अशी शंभर डबकी ओलांडून माणूस आलेला असतो, त्यात शंभर-एकावं. पलीकडचा काठ पावसानं पुसून टाकलेला. मामा गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले, मी मागून त्यांचा इस्त्रीचा सदरा धरून ठेवला. "ओ ताई! माघारी फिर! ओऽ भिंगरे!" ते ओरडत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी लिवलं, जावईबापू. माज्या हातानं बरोबर लिवलं." त्यांच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि त्यातलं सगळंच पावसाचं नव्हतं. मी सदरा तेवढा घट्ट धरला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, मामांनीही तो मोजला नाही. पाऊस जरा विरळ झाला आणि पलीकडं लाल ठिपका दिसला. मामांचा चष्मा घरीच राहिला होता. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"लाल रेनकोट आहे. शेजारी स्कूटर."

"पान्याच्या अलीकडं का पलीकडं?"

उभ्या जन्मात मला दिशा कळलेली नाही, आणि परीक्षा आली ती अशी. "पलीकडं," मी म्हणालो, "म्हणजे आपल्या पलीकडं. तिच्या अलीकडं."

"नीट सांगा! जिमिनीवर हाय का?"

"जमिनीवर आहे मामा. जमिनीवर उभी आहे." तेवढ्यात ठिपक्यानं दोन्ही हात हलवले आणि पाण्यावरून स्कूटरचा हॉर्न ऐकू आला, पीं पीं, पीं पीं. असला हॉर्न सूसच्या चौकात मला रोज शिव्या द्यायला लावतो. त्या दिवशी तो ऐकून मला एकदम मरणाची भूक लागली. मामा चिखलात मटकन बसले. "हाय," ते म्हणाले. "पोरगी हाय." आणि लहान मुलासारखे हसायला लागले, मग रडायला लागले, मग पुन्हा हसले. मी त्यांच्या शेजारी, नव्या पँटसकट, बसलो. एवढं हलकं मला माझ्या मुलीच्या जन्मानंतर वाटलं नव्हतं.

पाऊण तासानं भिंगरी डांबरी रस्त्यानं चौदा किलोमीटरचा वळसा घालून आली. तिशीच्या आतली, किडकिडीत, ओलीचिंब आणि हसरी. मामीनं तिला आधी टॉवेल दिला, मग वडी, मग दृष्ट काढली. ती सांगत होती, "पाणी दिसलं तेव्हा वाटलं, डबकं असेल. वाडीत विचारायला पावसामुळं बाहेर कुणी नव्हतं. नकाशा पुढं जा म्हणत होता, काकांनी स्वतः तपासलेली वाट. गाडी घालणारच होते. पण काकांनी मला एवढ्या वेळा सुनावलंय ना, वाटेला पाय लागल्याशिवाय वाट म्हणू नये, की म्हटलं, चला, आधी पाय लावून बघू. स्टँड लावून उतरले, काठी घेतली. चार पावलांत घोटा बुडला, आठ पावलांत गुडघा. मग फिरले मागं." हे सगळं ती वडी खात खात, ऑफिसातली गंमत सांगावी तसं सांगत होती. मामा खाली मान घालून ऐकत होते. पहिली वडी त्यांनी तोंडातसुद्धा घातली नव्हती.

जेवणं झाल्यावर त्यांनी लॅपटॉप आणून तिच्यापुढं ठेवला. "खोड ती वाट. आन शेरा लिव. मी सांगतो." त्यांनी उभं राहून, हात मागं बांधून, शेरा सांगितला: "मोजणीदार यांनी सदर वाटेची पाहणी फक्त मे महिन्यात केली. वाट पावसाळ्यात पाण्याखाली असते ही बाब गावात सर्वांस माहीत असल्याने नमूद करण्याचे राहून गेले. सबब मोजणीदार यांचा शेरा चुकीचा असून..." भिंगरीचे हात थांबले होते. ती म्हणाली, "काका, वाट खोटी नाहीये. पावसाळ्यात नसते एवढंच. खोडायची कशाला? उन्हाळ्यापुरती आहे असं लिहू या की." आणि तिनं तसं लिहिलं. मामांनी चष्म्यातून ते दोनदा वाचलं. मग त्यांनी आपल्या ताटातली राहिलेली वडी उचलून तिच्या ताटात ठेवली. मामीशी लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण त्यांनी तिला अशी वडी कधी दिलेली नाही, हे मामीनं तिथल्या तिथं जाहीर केलं.

त्यानंतर मामांचं काम वाढलं की कमी झालं ते सांगणं कठीण आहे. आता ते प्रत्येक वाटेला विचारतात, "पावसाळ्यात काय?" सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणीच लिहीत नाही, हे त्यांना फार उशिरा कळलं असं ते म्हणतात, आणि ते लिहायचा त्यांनी सपाटा लावला. कुठल्या पिंपळाखाली पाटी नसताना एसटी थांबते, कुठला ओढा आषाढात माणूस ओढून नेतो, कुठल्या पुलाला कठडा नाही. शेरे तेवढेच कडक, फक्त खाली हल्ली कधी कधी "चूकभूल द्यावी घ्यावी" असं असतं. मधल्या काळात गुडघे गेले. मोपेड मामीनं जावेच्या नातवाला देऊन टाकली. आता स्थळपाहणीला भिंगरी जाते आणि मामा ओट्यावर बसून फोनवरून तिला पिडतात.

यंदा मे महिन्यात पाणी मागं सरलं आणि ती वाट पुन्हा उघडी पडली. नकाशावर ती उघडी करायची तर आधी कुणीतरी पाय लावायला हवा. मी गाडीतून मामांना काठापर्यंत नेलं, मामीनं दिलेल्या खुर्चीवर बसवलं. भिंगरी चालत निघाली, मोठ्यानं मोजत. ऊन लख्ख होतं, तळ भेगाळलेला, पाण्याचा मागमूस नाही, तिथं कुणाच्या केसाला धक्का लागायचं कारण नव्हतं. तरी मामांनी खुर्चीचे हात धरून ठेवले होते. बऱ्याच वेळानं ती पलीकडं पोचली, हात वर केला, आणि फोन आला. "काका, एक हजार सातशे नव्वद."

मी मामांकडं बघितलं. त्यांची सोळाशे बारा होती. एका मोरीच्या अर्ध्या फुटावरून सहा महिने भांडलेला हा माणूस. मामांनी थोडा वेळ पलीकडच्या त्या एवढ्याशा आकृतीकडं बघितलं. मग म्हणाले, "तुजी पावलं ल्हान हायेत, पोरी. बरोबर हाय."

मी खुर्ची उचलायला वाकलो. मामांनी माझा हात धरला.

"बसा वाईच," ते म्हणाले. "तिला परत येऊ द्या."